दाशीच्या मागावर: टोकियो ते ओसाका, सात दिवसांचं जेवण

जपानी जेवणाची बरीचशी चव एका पाण्यात असते. त्या पाण्याला दाशी म्हणतात. कोंबू नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस, या दोन्हींचा तो अर्क. सूपमध्ये दाशी, नूडल्सच्या सारात दाशी, भाजी शिजते ती दाशीत, अंड्याच्या गुंडाळीतही दाशी. म्हणून ही सात दिवसांची वाट दाशी ध्यानात ठेवून आखली आहे. मासे खाणाऱ्याला ती चव गावागणिक कशी बदलते ते कळेल, आणि शाकाहारी माणसाला कुठे सावध राहायचं आणि कुठे निर्धास्त जेवायचं ते.

शाकाहारींनी निघण्यापूर्वी एक वाक्य कुणाकडून तरी जपानी लिपीत चिठ्ठीवर लिहून घ्यावं: "निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देस." मांस-मासे खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही. यातला दुसरा भाग महत्त्वाचा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर वरचा मासा निघतो, सार तेच राहतं. यात फसवणूक नसते. फोडणीला जसं आपण वेगळा पदार्थ समजत नाही, तसं तिथे दाशीला कुणी मासा समजत नाही.

पहिला दिवस: टोकियो, त्सुकिजी आणि निगिरी

माशांचा घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला हलला, पण त्सुकिजीचा बाहेरचा बाजार जागच्या जागी आहे. सकाळी आठपर्यंत पोचावं; दुपार कलली की बरीच दुकानं आवरायला लागतात. रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बाजार बंद असतो, तेव्हा तारीख आधी तपासावी.

आधी कात्सुओबुशीच्या दुकानापाशी थांबावं. बोनिटोचे लांब तुकडे पाण्यात शिजवतात, काटे काढतात आणि लाकडाच्या धुरावर पुन्हापुन्हा धरून वाळवतात. ही झाली आराबुशी. वरच्या प्रतीसाठी त्यावर मुद्दाम बुरशी चढवतात, उन्हात वाळवतात, पुन्हा बुरशी, पुन्हा ऊन. हे महिनोनमहिने चालतं. ती कारेबुशी. बुरशी आतला ओलावा ओढून घेते आणि चरबी मोडते, म्हणून तिचं सार नितळ उतरतं. कारेबुशीचे दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर सुक्या लाकडासारखा खणखणीत आवाज येतो, आणि ती किसायला सुताराच्या रंध्यासारखं पातं बसवलेली पेटी लागते. भारतात याचा जवळचा नातेवाईक म्हणजे लक्षद्वीपचा मासमीन: तोही ट्यूना शिजवून, धुरी देऊन वाळवलेलाच.

शेजारीच तामागोयाकीची दुकानं आहेत. चौकोनी तव्यावर अंड्याचा पातळ थर ओतायचा, गुंडाळायचा, गुंडाळी एका कडेला सरकवून पुढचा थर ओतायचा. टोकियोत ती गोडसर असते. क्योटोकडची गुंडाळी फिकी आणि दाशीने इतकी भिजलेली की दाबली तर पाणी सुटतं. दोन्ही खाव्यात, कारण पूर्वेची आणि पश्चिमेची जीभ कशी वेगळी आहे ते या एका अंड्यात कळतं.

दुपारी निगिरी सुशी, म्हणजे भाताच्या छोट्या मुटक्यावर माशाचा काप. ही एदोची, म्हणजे जुन्या टोकियोची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रस्त्यावरच्या टपऱ्यांवर रुजली. तेव्हा बर्फ नव्हता, त्यामुळे मासा टिकवण्याच्या युक्त्या हीच तिची कला झाली. कोहादा हा छोटा चंदेरी मासा मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये मुरवतात, ट्यूनाचा लाल भाग सोया सॉसमध्ये भिजवतात, समुद्री वाम शिजवून त्यावर गोडसर घट्ट रस फासतात. लोक ट्यूनाच्या चरबीच्या भागासाठी पैसे मोजतात, पण दुकान ओळखायचं असेल तर कोहादा मागावा. मीठ-व्हिनेगर जास्त झालं तर तो चामट होतो, कमी पडलं तर उग्र वास राहतो. लपवायला जागाच नसते.

खाण्याची पद्धत सोपी आहे. हाताने खाल्लं तरी चालतं. घास कलता करून माशाची बाजू सोयाला टेकवायची, भाताची नाही. भात सोया शोषतो आणि बशीत विस्कटतो. वासाबी, म्हणजे झोंबणारी हिरवी चटणी, आत लावलेली असते, ती सोयात कालवू नये. आल्याचे गुलाबी काप दोन घासांच्या मधे खायचे, घासावर ठेवून नाही. भात अंगाइतका कोमट असतो, म्हणून समोर आलेला घास लगेच उचलावा. फोटोसाठी पाच मिनिटं घालवली की भात घट्ट होतो आणि मासा सुकतो. आधी पांढरे मासे, मग चरबीचे, शेवटी वाम आणि अंडं, असा क्रम ठेवला तर हलकी चव जड चवीखाली दबत नाही.

शाकाहारींसाठी काकडीची गुंडाळी (काप्पामाकी) आणि कानप्योची गुंडाळी आहे. कानप्यो म्हणजे आपल्या दुधी भोपळ्याच्याच जातीच्या फळाच्या वाळवलेल्या पट्ट्या, सोया-साखरेत शिजवलेल्या. त्या शिजवताना काही ठिकाणी दाशी घालतात. इथे चिठ्ठी दाखवावी.

दुसरा दिवस: टोकियो, सोबा आणि तेम्पुरा

सोबा म्हणजे बारीक शेवया, त्यांचं पीठ कुट्टूचं (बकव्हीटचं). कुट्टूत ग्लूटेन नाही, त्यामुळे नुसत्या पिठाची शेवई तुटते. म्हणून बहुतेक दुकानं आठ भाग कुट्टू आणि दोन भाग गहू घेतात; त्याला 'नि-हाची' म्हणतात. पूर्ण कुट्टूची 'जूवारी'. तिचा वास जास्त, पण ती ठिसूळ. पहिल्यांदा खाणाऱ्याने नि-हाची घ्यावी. ज्यांना कुट्टूची ॲलर्जी आहे त्यांनी या दुकानांत जाऊच नये. ती ॲलर्जी गंभीर असते, आणि तेच उकळतं पाणी उदोनलाही, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांनाही, वापरलेलं असू शकतं.

थंड सोबा मागवावा. गरम सारात तो लवकर मऊ पडतो. हाताने कापलेला बारीक सोबा उकळत्या पाण्यात जेमतेम मिनिट-दीड मिनिट राहतो. मग थंड पाण्यात चोळून धुतात, कारण वरचा चिकट स्टार्च गेला नाही तर शेवया एकमेकींना धरतात. बांबूच्या चाळणीवर तो येतो, सोबत वाटीत गडद सार. सोया, मिरिन (स्वयंपाकाची गोड तांदूळ-दारू) आणि साखर एकत्र करून मुरवलेल्या मसाल्यात दाशी मिसळून हे सार होतं. टोकियोचं सार खारट आणि जहाल, म्हणून शेवयांचं खालचं टोक तेवढं, साधारण एक तृतीयांश, बुडवायचं. पहिला घास साराशिवाय खाऊन बघावा. भुरका मारायला संकोच करू नये. भुरक्यासोबत हवा आत जाते आणि कुट्टूचा वास नाकापर्यंत पोचतो.

शेवटी लाखेच्या चौकोनी भांड्यात पांढरट गरम पाणी येतं. ते सोबायू, सोबा उकळलेलं पाणी. उरलेल्या सारात ओतून प्यायचं. बरेच पाहुणे ते न पिताच उठतात. जेवण त्या वाटीवर संपतं, तेव्हा थोडं सार राखून ठेवावं. दुपारी दीडनंतर गेलात तर दारावर 'सोबा संपला' अशी पाटी दिसू शकते. कणीक रोज ठरलेलीच मळतात.

संध्याकाळी तेम्पुरा. ही तळण्याची रीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर नागासाकीकडे आली असं मानतात. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोचले ते गोव्याहूनच निघाले होते. तेव्हा गोव्याच्या वाचकांना ही वाट ओळखीची वाटावी.

तेम्पुऱ्याचं पीठ म्हणजे भज्यांच्या पिठाची उलट बाजू. बेसन कितीही फेटलं तरी बिघडत नाही. इथे मैदा आहे. फेटला की ग्लूटेन जागं होतं आणि आवरण चिवट, जाड होतं. एक अंडं आणि बर्फासारखं थंड पाणी मिळून एक कप, आणि मैदा एक कप. चॉपस्टिकने दहा-बारा वेळा टोचल्यासारखं हलवायचं आणि थांबायचं. गुठळ्या आणि कडेला कोरडा मैदा राहिलाच पाहिजे. पीठ तळायच्या क्षणी कालवायचं, आधी नाही. भाज्यांना तेल १६० ते १७० अंश, कोळंबीला १८०. पिठाचा थेंब टाकावा: तळाशी जाऊन हळू वर आला तर तेल गार, पृष्ठभागावरच फुटून पसरला तर जास्त तापलेलं, आणि अर्ध्यावर जाऊन वर आला तर बरोबर.

काउंटरवर बसावं, म्हणजे एकेक तुकडा कढईतून थेट पुढ्यात येतो. बुडवायच्या तेनत्सुयूत दाशी असते. शाकाहारींनी "शिओ दे" म्हणावं, मीठ मिळतं. भाज्यांना मीठच अधिक शोभतं, हे आमचं ठाम मत आहे. रताळं, कमळाची देठं, शिसोचं पान यांची चव साराखाली बुडते. मात्र पिठात अंडं असतं, आणि त्याच तेलात कोळंबीही तळतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी सहाव्या दिवसाची वाट बघावी.

तिसरा दिवस: वाटेत नागोया

टोकियोहून शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, नागोया सुमारे पावणेदोन तास. सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकून हित्सुमाबुशी खायला जावं. वामासारखा दिसणारा गोड्या पाण्यातला उनागी मासा सोया-मिरिनच्या रसात बुडवून निखाऱ्यावर भाजतात, बारीक कापतात आणि लाकडी भांड्यात भातावर पसरतात. टोकियोत उनागी आधी वाफवतात, म्हणून तो लुसलुशीत. इकडे थेट भाजतात, म्हणून कातडी कुरकुरीत. भांड्यातल्या भाताचे चार भाग करायचे. पहिला तसाच. दुसऱ्यावर पातीचा कांदा, वासाबी आणि नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पातळ कागद). तिसऱ्यावर गरम दाशी ओतून. चौथा, या तिन्हींत जो आवडला तसा. सगळं एकदम कालवलं तर कातडीची कुरकुर दाशीत विरते. जपानी उनागी २०१४ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे, तेव्हा प्रवासात एकदाच, चांगल्या जागी खावा.

संध्याकाळच्या गाडीने क्योटो, अर्ध्या-पाऊण तासात.

चौथा दिवस: क्योटो, एका वाटीसाठी

काइसेकी हे क्योटोचं क्रमवार जेवण. रात्री ते फार महाग पडतं. दुपारी तीच स्वयंपाकघरं कमी पदार्थांचं जेवण बऱ्याच स्वस्तात देतात. आरक्षण लागतंच, आणि काय चालत नाही ते आरक्षणाच्या वेळीच सांगावं. त्या दिवशी दारात सांगून उपयोग नाही, कारण दाशी सकाळीच उतरलेली असते.

सगळ्या क्रमात लक्ष द्यायचं ते झाकणाच्या लाखेच्या वाटीकडे. वाफेने झाकण घट्ट बसलेलं असतं. ओढलं तर सार सांडतं. डाव्या हाताने वाटीच्या दोन्ही कडा हलकेच दाबाव्यात, आत हवा शिरते आणि झाकण सुटतं. झाकण उलटं करून बाजूला ठेवायचं, आतल्या पाण्याचे थेंब टेबलावर पडू द्यायचे नाहीत. झाकण उघडताच वास येतो. आधी तो घ्यावा. मग आतल्या माशाला किंवा टोफूला हात न लावता साराचा एक घोट. तो फिका वाटेल. तिसऱ्या घोटाला चव भरते. वाटी संपताना ती जीभभर व्हावी, अशाच बेताने मीठ घातलेलं असतं. पहिल्याच घोटाला चमचमीत लागणारं सार शेवटी खारट होतं.

ही दाशी अशी होते. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोंबू अर्धा तास भिजवायचा. मंद आचेवर सुमारे ६० अंशांपर्यंत न्यायचा आणि तिथेच तासभर राखायचा. पाणी उकळण्याआधी कोंबू बाहेर. उकळला तर बुळबुळीत द्रव आणि कडवट वास सुटतो. मग पाणी उकळीला आणून गॅस बंद करायचा, वीस-पंचवीस ग्रॅम कात्सुओबुशी टाकायची, ती बुडेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं थांबायचं आणि फडक्यातून गाळायचं. फडकं पिळायचं नाही. पिळलं की माशाचा उग्रपणा आणि गढूळपणा उतरतो. कोंबूत ग्लुटामेट असतं, कात्सुओबुशीत इनोसिनेट. दोन्ही एकत्र आले की चव नुसती बेरीज होत नाही, कितीतरी पटीने वाढते. कोंबूतला तो घटक किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये वेगळा केला आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिलं.

सारात घालतात तो सोया फिकट रंगाचा, उसुकुची. रंग फिका म्हणून मीठ कमी असं समजू नये. गडद सोयापेक्षा तोच जास्त खारट असतो. क्योटोत तो वापरतात, कारण भाजीचा मूळ रंग राहतो.

पाचवा दिवस: क्योटो, टोफू आणि पुरण

नान्झेन-जी देवळाच्या परिसरात युदोफू मिळतो. मातीच्या भांड्यात तळाशी कोंबूचा तुकडा, पाणी आणि टोफूचे चौकोन, एवढंच. टोफू शिजवायचा नसतो, तापवायचा असतो. चौकोन पाण्यात डुलायला लागला की उचलायचा. विसरलात तर त्यात भोकं पडतात आणि तो रबरासारखा होतो. भांड्यातलं पाणी शाकाहारी असतं, पण बुडवायच्या सोयात बहुधा कात्सुओ असतो. साधा सोया मागून घ्यावा.

सोबत युबा घ्यावी. दूध तापवल्यावर साय धरते तशी सोयाबीनच्या दुधावर साय धरते, ती काडीने उचलून घेतात, तीच युबा. ताजी, वासाबी-सोयाबरोबर खावी. पहिल्या सायी मऊ आणि दुधाळ असतात.

निशिकी बाजार सुमारे चारशे मीटरची झाकलेली गल्ली. चालता चालता खाऊ नये अशी तिथे विनंती आहे. दुकानासमोर उभं राहून खावं आणि काडी तिथेच परत द्यावी. इथे लोणची चाखावीत: वांगं आणि लाल शिसोचं आंबट शिबाझुके उन्हाळ्याचं, सलगमच्या पारदर्शक चकत्यांचं सेनमाइझुके थंडीचं.

दुपारी माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड फेटून केलेला चहा, आणि वागाशी, म्हणजे जपानी मिठाई. वागाशीच्या पोटात आन असतं, म्हणजे अझुकी या लाल कडधान्याचं पुरण. पुरणासारखंच: कडधान्य शिजवायचं, साखर घालून आटवायचं. टरफलासकट ठेवलं तर त्सुबुआन, पुरणयंत्रातून काढल्यासारखं गुळगुळीत गाळलं तर कोशिआन. गोड आधी संपवायचं, मग चहा. माच्चा सुमारे दोन ग्रॅम, पाणी ७० मिलिलिटर, ८० अंश. उकळतं पाणी ओतलं की तो कडू होतो. गोडाची साखर जिभेवर असतानाच तो कडवटपणा सुखद लागतो, म्हणून हा क्रम.

सहावा दिवस: कोयासान, निर्धास्त पंगत

ओसाकातल्या नांबाहून नान्काई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार, वर बस. डोंगरमाथ्यावरची ही वस्ती बौद्ध भिक्षू कूकाई यांनी ८१६ मध्ये स्थापली. पन्नासेक मठांत पाहुण्यांना मुक्काम मिळतो. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान पोचावं. जेवण साडेपाच-सहाला असतं आणि ताट कुणासाठी थांबत नाही. रात्री बाहेर खायला जवळजवळ काही उघडं नसतं. उंची सुमारे ८०० मीटर, त्यामुळे मोसम कुठलाही असो, एक गरम कपडा हवा.

इथलं जेवण शोजिन र्योरी: मांस नाही, मासे नाहीत, आणि कांदा-लसणाच्या कुळातलं काहीच नाही. घरी चातुर्मास पाळणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दाशी कोंबू आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची. शिताके थंड पाण्यात रात्रभर भिजवतात. गरम पाण्यात घाईने भिजवले तर चव अर्धीच उतरते. कंदमुळं मात्र भरपूर असतात, मुळा, गाजर, कमळाची देठं. जैन पद्धतीने जेवणाऱ्यांनी आरक्षणाच्या वेळीच कळवावं.

लाखेच्या ठेंगण्या ताटांतून पदार्थ येतात. त्यातला गोमादोफू सावकाश खावा. नाव टोफू, पण त्यात सोयाबीन नाही. तीळ वाटायचे, कुझू नावाच्या वेलीच्या मुळाचा स्टार्च आणि पाणी घालून मंद आचेवर घोटायचे. घट्ट झालं म्हणून लगेच उतरवलं तर ते पिठूळ राहतं. घट्ट झाल्यावरही हात न थांबवता घोटत राहायचं, तेव्हा चकाकी येते आणि पदार्थ ताणला जातो. गार झाल्यावर तो खरवसासारखा थरथरतो. फ्रिजमध्ये ठेवला की कुझू कडक होतो, म्हणून चांगला गोमादोफू त्याच दिवशीचा असतो, आणि विकतच्या डब्यातला त्याची बरोबरी करत नाही.

कोयादोफू हा दुसरा. गोठवून वाळवलेला टोफू. बर्फाच्या कणांनी जाळी पडते, ती स्पंजासारखी दाशी पिते. दातांखाली दाबला की गोडसर सार तोंडात सुटतं.

चॉपस्टिक भातात उभ्या रोवू नयेत, आणि एकाने दुसऱ्याच्या चॉपस्टिकला घास देऊ नये. पहिलं मृताच्या नैवेद्याचं, दुसरं अस्थी उचलण्याच्या विधीचं. सकाळची प्रार्थना सहा-साडेसहाला असते, न्याहारी त्यानंतर.

सातवा दिवस: ओसाका

दोतोनबोरी या खाण्याच्या गजबजलेल्या भागात ताकोयाकी आहे, म्हणजे ऑक्टोपसचा तुकडा घातलेला पिठाचा गोल गोळा, आणि तो लगेच तोंडात टाकणारे जीभ भाजून घेतात. पिठात दाशी भरपूर, त्यामुळे आत घट्ट पीठ नाही, उकळता रस असतो. काडीने फोडून वाफ जाऊ द्यावी. ओकोनोमियाकी या जाड धिरड्यात कोबी, पातळ पीठ आणि कोनफळाच्या कुळातला किसलेला कंद. तो कंद हवा धरून ठेवतो. म्हणून तव्यावर असताना उलथन्याने दाबू नये, दाबलं की बसतो. दोन्हींच्या पिठात दाशी, दोन्हींवर कात्सुओबुशी. वरचा कीस काढून घेतल्याने शाकाहारी होत नाही. कुशिकात्सूच्या, म्हणजे काडीला टोचून तळलेल्या तुकड्यांच्या, दुकानात रसाचं सामाईक भांडं असेल तर काडी एकदाच बुडवायची, रस कमी पडला तर कोबीच्या पानाने घ्यायचा.

दुपारी कित्सुने उदोन, वर गोडसर तळलेला टोफू. इथलं सार टोकियोच्या शेजारी ठेवलं तर रंगात चहा आणि कॉफीइतका फरक दिसेल. कारण इतिहासात आहे: होक्काइदोचा कोंबू जहाजांनी पश्चिम किनाऱ्यावरून ओसाकात यायचा, म्हणून इथे कोंबूची जीभ घडली.

तेव्हा कोंबू इथेच घ्यावा. ओसाकाची पसंती मा-कोंबूला, गोडसर आणि नितळ, क्योटोची रिशिरीला; घट्ट, पिवळसर दाशी हवी तर राउसू. जाड, सुका, गडद पट्टा निवडावा. दोनशे ग्रॅम पुरे, त्यात वीस लिटर दाशी होते. कोरड्या डब्यात, उन्हापासून दूर तो वर्षभर सहज टिकतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डबा हवाबंद हवा. पट्ट्यावरची पांढरी भुकटी बुरशी समजून धुऊ नये. ती चवीचीच आहे. ओल्या फडक्याने माती तेवढी टिपावी. आणि घरी दाशी उतरली नाही तर दोष बहुधा पाण्याचा असतो. जपानचं पाणी मृदू आहे, बोअरच्या जड पाण्यात कोंबू नीट सुटत नाही. फिल्टरचं मृदू पाणी घ्यावं, आणि कोंबू रात्रभर फ्रिजमध्ये त्यातच भिजत ठेवावा.